घर ही ठेव नव्हे

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, तो गृहस्थ नुकताच घर बांधून बसलेला असला पाहिजे. घराची आणि लग्नाची जोडी त्याने उगाच घातलेली नाही. दोन्ही गोष्टी माणसाने कराव्यात. परंतु त्यांत पैसा किती जातो, हे केल्यावाचून कळत नाही, असे त्याचे सांगणे आहे. लग्नात घातलेला पैसा वीस वर्षांनी तिप्पट होऊन परत येईल, असे आजवर कुणी म्हटलेले नाही. घराविषयी मात्र गेल्या पंचवीस वर्षांत आमच्या हिंगोलीतला प्रत्येक शहाणा माणूस तेच म्हणू लागला आहे. हळदीच्या मोंढ्यात, तहसिलीच्या दारात, दसऱ्याच्या प्रदर्शनात, इतकेच काय, तेराव्याच्या पंगतीतदेखील मला ऐकू येणारे वाक्य एकच असते : “पैसा दुसरीकडं कुठं ठेवू नका मास्तर, जागेत ठेवा. जागा कधी बुडत नाही.”

या वाक्याशी माझे भांडण आहे. मी बेघर नाही आणि घरद्वेष्टाही नाही. शाळेत पस्तीस वर्षे खडू झिजवून मी दोन मजले बांधले, त्यांतच राहतो आणि त्यांतूनच जाण्याची माझी इच्छा आहे. माझे म्हणणे एवढेच की, घर ही राहण्याची वस्तू आहे. ठेव समजून जो ते विकत घेतो, तो पुष्कळदा घरालाही मुकतो आणि ठेवीलाही.

प्रतिपक्षाची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. त्याआधी ज्याने गावाबाहेरच्या माळावर चार पैसे टाकले होते, तो एका सकाळी उठला तो श्रीमंत होऊनच. जिल्ह्याच्या कचेऱ्या आल्या, त्यांच्यामागे नोकरमाणसे आली, त्यांना खोल्या हव्या झाल्या. २००८ मध्ये पूर्णा-अकोला हा रेल्वेमार्ग रुंद झाला आणि माळाचे भाव पुन्हा वर गेले. हे डोळ्यांदेखत घडले आहे; ते नाकारणारा मी कोण? शिवाय असेही म्हणतात की, भाडे म्हणजे ओढ्याला गेलेले पाणी आणि कर्जाचा हप्ता म्हणजे आपल्या विहिरीत साठलेले पाणी. हप्त्याच्या धाकाने उधळ्या माणसाच्या हातूनही बचत होते. आणि शेवटचा मुद्दा : म्हातारपणी ‘ऊठ इथून’ असे म्हणणारा कुणी नसतो. हा शेवटचा मुद्दा मला संपूर्ण मान्य आहे. मात्र वाचकांनी एवढे ध्यानात घ्यावे की, तो नफ्याचा मुद्दाच नव्हे. तो राहण्याचा मुद्दा आहे.

आता माझे पहिले उत्तर. ज्याला आपण घराची वाढ म्हणतो, ती घराची नसते, खालच्या जागेची असते. घर स्वतः दरवर्षी म्हातारेच होत जाते. माझे बालपण कळमनुरी तालुक्यातल्या एका माळवदाच्या घरात गेले. मृग निघण्याआधी माळवदावर नवी माती टाकायची, ती चोपून बसवायची, भिंतींना पोतारा द्यायचा, वाळवीने खाल्लेली किलचणे बदलायची. हे एक वर्ष चुकले की दुसऱ्या वर्षी आषाढात आईच्या चुलीवर धार लागे. ते घर आमच्याकडून दरवर्षी काही ना काही घेई. त्याने कधी काही परत दिले म्हणावे, तर सावली दिली. सिमेंटच्या घराने हा नियम मोडला अशी एक समजूत आहे. माझा स्लॅब विसाव्या वर्षी गळू लागला आणि गज फुगून गिलावा खाली आला, तेव्हा माझी ती समजूत गेली. मातीचे घर दरवर्षी थोडे मागते, सिमेंटचे घर वीस वर्षांनी एकदम मागते, फरक एवढाच.

आणि ज्या जमिनीवर ते उभे असते, तिचाही भरवसा आपण फार धरतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे खाली आली आणि हजारो माणसे झोपेतच गेली. पिढ्यानपिढ्यांची घरे ती. त्यांतली माणसेही आपापल्या घराला आधारच समजत होती. आमच्याकडे वसमत तालुक्यात पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांना जमिनीतून येणारे गूढ आवाज वर्षानुवर्षे ठाऊक आहेत. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ या दोन्ही दिवशी सकाळी हिंगोली जिल्ह्यात साडेचार रिश्टरच्या सुमाराचे धक्के बसले. आम्ही सारे अंगणात पळालो. ज्यात जन्माची पुंजी घातली, त्याच वस्तूपासून आम्ही त्या सकाळी चपला न घालता लांब धावत होतो! यावरून घर बांधू नये असे निघत नाही. घर बांधताना दोन खोल्या कमी कराव्यात आणि वाचलेले पैसे पायात, गजांत आणि सिमेंटच्या पट्ट्यांत घालावेत, एवढे निघते. पण विकण्यासाठी बांधणारा माणूस दर्शनी फरशीवर खर्च करतो. जमिनीखालचा पाया कोणत्या गिऱ्हाइकाला दिसतो?

तेव्हा भाव जागेचा. तो तरी कुणामुळे वाढला? जिल्हा सरकारने केला, रेल्वे सरकारने रुंद केली, रस्ते सगळ्यांच्या करातून झाले. माळाच्या मालकाने त्यांत एक टोपले माती टाकलेली नाही. म्हणजे जागेतली गुंतवणूक ही पुष्कळदा गुंतवणूक नसून सरकारच्या पुढल्या हुकुमावर लावलेली पैज असते. आणि हुकूम दोन्ही बाजूंनी येऊ शकतो. या गावाला तो अनुभव आहे. निजामाच्या राज्यात हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. घोडे होते, साहेब होते, त्यांच्यावर जगणारा बाजार होता. छावणी म्हणजे कायमची गोष्ट असे त्या काळच्या शहाण्या माणसाला वाटले असेल, तर त्याला हसण्याचे कारण नाही. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाले आणि छावणी उठली. गिऱ्हाईक घोड्यावर बसून निघून गेले. घरे जिथल्या तिथे राहिली.

आज तीच आशा औंढ्याकडे पाहते आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात उभारून, दूरच्या ताऱ्यांच्या टकरीने विश्वात उठलेली लाट तिथे मोजायची आहे. ती लाट यायची तेव्हा येईल. आमच्या लोकांनी गुंठ्याच्या भावाची लाट आधीच मोजून ठेवली. वास्तविक अशा यंत्राला लागते ती शांतता. आजूबाजूला गर्दी नसावी म्हणून जी जागा निवडली, तिच्याभोवती गर्दी होईल या भरवशावर प्लॉट घेणाऱ्यांच्या बुद्धीला काय म्हणावे, ते मी वाचकांवर सोपवतो.

दुसरे उत्तर हिशेबाचे. आमच्या नात्यातल्या एकाने १९९९ साली ६० हजारांना घेतलेला प्लॉट आज १५ लाखांचा आहे, असे तो प्रत्येक लग्नात सांगतो. पंचवीस पट! ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात. आता थोडे थांबून पाहू. १९९९ साली सोने तोळ्याला साडेचार हजारांच्या आत होते. २०२५ मध्ये ते लाखाच्या वर गेले. म्हणजे त्याच्या बायकोच्या कपाटात डबीत पडून असलेल्या पाटलीनेही तेवढीच करामत केली आहे. आणि तिला कुंपण घालावे लागले नाही, नगरपालिकेचा कर भरावा लागला नाही. मी सोन्याची वकिली करत नाही. सोनेही वर्षानुवर्षे एका जागी बसून राहिलेले मी पाहिले आहे. पण रुपया झिजतो, हे आपण विसरतो. खुद्द आयकर खात्याचा महागाईचा निर्देशांक २००१-०२ मध्ये १०० होता, तो २०२५-२६ मध्ये ३७६ झाला. तेव्हाचे एक लाखाचे घर आज पावणेचार लाखांना विकले, तर नफा शून्य. घर होते तिथेच उभे आहे, असा त्याचा अर्थ.

माझा एक पुतण्या पुण्याला नोकरी करतो. तिथे तो भाड्याने राहतो आणि ‘गावाकडं आपलं काहीतरी असावं’ म्हणून हिंगोलीत त्याने वीस लाखांचे कर्ज काढून बंगली घेतली आहे. साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षे मुदत. हप्ता होतो महिना १७,३५६ रुपये. म्हणजे वीस वर्षांत सुमारे ४१ लाख ६५ हजार. खरेदीखताचा मुद्रांक, नोंदणी, कर, रंगरंगोटी निराळी. आता ही बंगली वीस वर्षांनी निदान पन्नास लाखांना जावी, तेव्हा कुठे त्याने घातले ते हाती येणार. तेवढे पैसे देणारा माणूस त्या वेळी हिंगोलीत कुठून येणार आहे? त्याचाही मुलगा पुण्यालाच असेल. मुंबईला तीन बाजूंनी समुद्र आहे, म्हणून तिथे जागा महाग. आमच्या गावाच्या चारी बाजूंना माळ आहे. ज्या वस्तूचा तुटवडा नाही, ती तुटवड्याच्या भावाने किती दिवस विकली जाईल?

भाड्याचे म्हणाल तर माझ्याच घराचे उदाहरण घ्या. वरच्या मजल्याचे मला महिना सहा हजार येतात. खालचा मजलाही दिला, तर वर्षाला जेमतेम दीड लाखाच्या आत. विकायला काढले तर चाळीस लाख येतील असे सांगणारे भेटतात. चाळीस लाखांवर दीड लाख म्हणजे चार टक्केसुद्धा नाहीत. त्यातून डागडुजी वजा. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत २०२५ मध्ये ८.२ टक्के व्याज मिळत होते. मी घर विकत नाही तो नफ्यासाठी नव्हे. माझ्या बायकोची तुळस तिथे आहे म्हणून.

तिसरे उत्तर द्यायला मला संकोच वाटतो, कारण त्यात माझाच मूर्खपणा आहे. २००९ साली मीही वरील वाक्याला भुललो. भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून रस्त्यालगत दोन गुंठे घेतले. दोन लाख वीस हजार दिले. विकणारा ओळखीचा. खरेदीखत नाही, शंभराच्या बाँडवर लिहून दिले, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, पेढे वाटले. जमीन अकृषिक झालेली नव्हती. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा आडवा येत असल्याने तेवढ्या तुकड्याची नोंदणी होत नव्हती. ‘होईल की पुढं, सगळ्यांचं तसंच आहे’ असे मला सांगण्यात आले आणि मुलांना नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या मी ते मानले. शंभर रुपयांच्या वरची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत दस्ताशिवाय विकली जात नाही, हा नियम इंग्रजांच्या काळापासून आहे. नुसत्या मुखत्यारपत्राने आणि करारनाम्याने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पुन्हा बजावले. मी ते वर्तमानपत्रात वाचले आणि पान उलटले.

२०२१ मध्ये बायकोच्या छातीचे दुखणे निघाले. नांदेडच्या डॉक्टरांनी आठ दिवसांत शस्त्रक्रिया करा म्हणून सांगितले. मी निश्चिंत होतो. दोन गुंठे होते ना! एजंटाने भाव सांगितला बारा लाख. दुसऱ्याने साडेबारा सांगितला. तिसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आले, सोबत वकील घेऊन आले, बाँड पाहिला आणि चहा घेऊन निघून गेले. आणखी एकाने तीन लाख देऊ केले, तेही दिवाळीनंतर. आठ दिवसांत मला भाव सगळ्यांनी सांगितला. पैसा कुणी दिला नाही. शेवटी बायकोनेच डबी पुढे केली. चार तोळ्यांच्या पाटल्या सराफाकडे तासाभरात मोडल्या, उरलेले मुलाने मित्रांकडून उभे केले. ती बरी होऊन घरी आली तेव्हा म्हणाली, “तुमचा तो प्लॉट म्हणजे भिंतीवरलं चित्रातलं जेवण. पाहून पोट भरतं व्हय?”

आपल्या भाषेने ‘गुंतवणूक’ हा शब्दच असा घडवला आहे की, पैसा त्यात गुंततो हे तिने आधीच सांगून ठेवले आहे. आपणच ते ऐकत नाही. घराची एक खोली विकून औषध आणता येत नाही. पुढे २०२५ मध्ये शासनाने तुकडेबंदीत सवलत देण्याचे जाहीर केले. माझ्यासारख्यांचे कागद कदाचित सरळ होतीलही. पण ज्या आठवड्यात पैसा हवा होता, तो आठवडा कोणता कायदा परत आणणार?

चौथे उत्तर माझ्या एकट्याचे नाही, गावाचे आहे. हिंगोलीच्या कोणत्याही नव्या वस्तीत संध्याकाळी फिरून या. दगडी खुणा रोवलेल्या, नावाच्या पाट्या लावलेल्या, आणि आत वेडी बाभूळ माजलेल्या जागा दिसतील. हा पैसा आला कुठून? तो हळदीतून आला, सोयाबीनमधून आला, मास्तर-तलाठ्यांच्या पगारातून आला. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आम्हांला अभिमान आहे. पण त्या हळदीचा पैसा शिजवण्याच्या कुकरमध्ये, पॉलिशच्या यंत्रात, ठिबकाच्या नळ्यांत किंवा पोरीच्या शिक्षणात परत गेला, तर त्याला पीक येते. बाभळीखाली गेला, तर येत नाही. आणि या पैशाने भाव एवढा चढवून ठेवला की, ज्याला खरोखर राहायला घर हवे त्या कंपाउंडराला, एसटीच्या वाहकाला, मोंढ्यातल्या हमालाला एक गुंठा घेता येत नाही. ज्याला राहायचे आहे त्याच्याजवळ जागा नाही, आणि ज्याच्याजवळ जागा आहे त्याला राहायचे नाही. याला आम्ही गावाचा विकास म्हणतो.

पुतण्याची बंगलीही कुलुपातच आहे. भाडेकरू बसला की उठत नाही, ही त्याची भीती. ही भीती जुन्या भाडेकायद्यांच्या काळातली आहे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्रभर लागू झालेल्या भाडे नियंत्रण कायद्यात मुदतीचा परवाना-करार लेखी करून नोंदवता येतो; मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्याची वेगळी सोय त्यात आहे. नोंदणीची जबाबदारी मालकावरच टाकली आहे. पण कुलूप लावणे सोपे, कायदा वाचणे अवघड.

“मग काय मास्तर, माणसाने जन्मभर भाड्याने राहावे?” असा प्रश्न मला विचारला जातो. मुळीच नाही. जिथे आपली नोकरी, शेत, शाळा, दवाखाना आहे, जिथे आपण निदान पंधरा वर्षे राहणार आहोत, तिथे घर जरूर घ्यावे. खरेदीखत नोंदवून घ्यावे, हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नये आणि दुखण्याखुपण्याला पैसा वेगळा ठेवून मगच घ्यावे. घेतल्यावर ते खर्चाच्या बाजूला लिहावे. आपण धान्य घेतो ते भाव वाढेल म्हणून नव्हे, खाण्यासाठी, तसेच हे. ज्याच्या डोक्यावर छप्परच नाही, त्याची गोष्ट तर सर्वस्वी निराळी. घरकुल योजनेत पंचवीस चौरस मीटरच्या घरासाठी केंद्राच्या नियमाने १ लाख २० हजार मिळतात. ऊसतोडीहून परतणाऱ्या बाईला ती एक खोली मिळते, तेव्हा तिच्या किमतीचा हिशेब करणाऱ्याच्या तोंडाकडे मी पाहणारही नाही. माझी एक विधवा बहीण नवऱ्याने तिच्या नावावर केलेल्या दोन खोल्यांच्या बळावर ताठ मानेने जगली. त्या खोल्यांचा भाव तिने कधी विचारला नाही. घराचे खरे काम ते हेच.

आणि ‘गावाकडं काहीतरी असावं’ या हळव्या वाक्याविषयी एक शब्द. गाव असण्यासाठी गावात कुलूप असावे लागत नाही. नरहर कुरुंदकर नांदेडला राहिले, तिथेच शिकवले, तिथेच कीर्तिवंत झाले. वसमत तालुक्यातले कुरुंदा त्यांनी आडनावात वागवले आणि साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक करून दिले. आमच्या नरसीचे नामदेव तर पंढरपूरला गेले आणि तिथून पंजाबात घुमानपर्यंत पोहोचले. शिखांच्या ग्रंथात त्यांचे एक पद आहे. त्यात शेजारीण नामदेवांना विचारते की, ही झोपडी तू कुणाकडून बांधून घेतलीस, मी त्याला दुप्पट मजुरी देईन. सातशे वर्षांपूर्वीही शेजारणीला दर हवा होता! नामदेवांनी तिला जो सुतार सांगितला, त्याची मजुरी पैशात नव्हती. नरसी त्यांना विसरली नाही, ती काही त्यांच्या नावावर तिथे प्लॉट होता म्हणून नव्हे.

दिवाळीत पहिल्या पणतीला मी गच्चीवर जातो. जुन्या गावाकडे, जिथे एका खोलीत सहा माणसे राहतात, तिथे दाटीने दिवे दिसतात. नव्या वस्तीकडे, जिथला भाव गावात सर्वांत चढा, तिथे रस्त्यावरचे नगरपालिकेचे दिवे तेवढे असतात. पुतण्या पुण्याहून फोन करून विचारतो, “काका, बंगलीवर एक पणती लावाल का?” मी लावून येतो. परतताना वाटेत माझे दोन गुंठे लागतात. तिथे बाभळीत पणती कुठे ठेवावी, ते मला अजून कळलेले नाही.